शहाणपणाचा ताप

भिंगरी आज फार गोड बोलली, आणि तेव्हापासून तिच्या आईच्या घशाखाली घास उतरत नव्हता.

तसा निरोप अगदी साधा होता. डोंगरातून, दुपारी, तिच्याच आवाजात फोनवर आला. आई भांडी विसळत होती. हात पुसून तिनं तो ऐकला आणि भांडी तशीच राहिली. "आई, आम्ही वरच्या मुक्कामाला पोचलो गं. उद्या सकाळी खिंड. तू जेवलीस का? गुडघा कसा आहे तुझा? आणि आई, तू म्हणायचीस ना, सगळं जरा सावकाश घ्यावं म्हणून... तुझं बरोबर होतं. माझी काळजी करू नकोस हं."

मागे वारा, कुणाचं तरी खोकणं, पत्र्याचं दार आपटल्याचा आवाज. बस. दुसऱ्या एखाद्या आईनं हा निरोप जपून ठेवला असता, बहिणीला ऐकवला असता. भिंगरीच्या आईनं तो शेवटापर्यंत ऐकला आणि पुन्हापुन्हा पहिल्यापासून लावला.

"मुलगी प्रेमानं बोलली, तर तुला त्याचाही त्रास?" भिंगरीचे बाबा म्हणाले. ते खुर्चीत बसून रिमोटचे सेल काढून, दाताखाली चावून परत घालत होते.

"बरी असली की ती असं बोलत नाही," आई म्हणाली.

भिंगरी हे तिचं खरं नाव नव्हे. चालायला लागल्यापासून एका जागी ठरायची नाही, म्हणून आजोबांनी ते ठेवलं आणि ते इतकं चिकटलं की शाळेत हजेरीला खरं नाव पुकारलं, तर ती मागे वळून बघायची, कुणाला बोलावतायत म्हणून. पायांना जशी विसावा घेण्याची सवय नव्हती, तशी जिभेलाही नव्हती. "जेवायला ये गं" म्हटलं, की "मला घड्याळ कळतं." "स्वेटर घाल" म्हटलं, की "थंडी तुला वाजतेय, तू घाल." पाहुणे आले की आई आधीच सांगून टाकायची, की हिच्या बोलण्याचं मनावर घेऊ नका. पाहुणे मनावर घ्यायचेच.

आणि मग एका संध्याकाळी, दुसरी-तिसरीत असेल तेव्हा, ती आपणहून कपड्यांच्या घड्या घालायला बसली. आई नुकतीच कामावरून आली होती. ती टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर होती. दिवसभर कानाला हेडफोन लावून परक्या माणसांचे आवाज एकमेकांना जोडून द्यायचे, हे तिचं काम. कान अगदी भणभणायचे. दारात चप्पल काढते तोच भिंगरी म्हणाली, "आई, दमलीस का? पाणी आणू?" आईला भरून आलं. आपले संस्कार उशिरा का होईना रुजले, असं वाटून ती पाण्याचा पेला हातात धरून नुसतीच बसून राहिली. थोड्या वेळानं बाबा आले, त्यांनी लेकीच्या डोक्यावरून हात फिरवला आणि ओरडले, "अगं, हिचं कपाळ तव्यासारखं तापलंय!"

ताप उतरला त्या सकाळी भिंगरीनं औषधाचा चमचा ढकलून दिला आणि म्हणाली, "तूच पी." बाबांनी टाळी वाजवली. "बरी झाली!"

तेव्हापासून घरात ते वाक्य रुळलं. भिंगरी जरा नरमाईनं बोलली, की बाबा म्हणायचे, "पोरगी शहाणी झाली, थर्मामीटर आणा." कांजिण्या आल्या तेव्हा तिनं आजोबांचे पाय चेपले होते. कावीळ झाली तेव्हा न सांगता अभ्यासाला बसली होती. का ते कुणालाच सांगता यायचं नाही. बाबांचं म्हणणं, अंगात भांडायला ताकद उरली नाही की माणूस सज्जन होतो. आईला वाटायचं, आपण आजारी आहोत हे कळलं की थांबवतील, घरात बसवतील, म्हणून पोर आधीच सगळ्यांना खूश करून ठेवते.

सायकल तिला बाबांमुळे लागली. ते विजेच्या कचेरीत मीटर रीडर होते. गल्लोगल्ली जायचं, जिन्याखालच्या अंधारात बॅटरी मारून आकडे टिपायचे, कुत्री चुकवायची. त्यांची सायकल म्हणजे लोखंडी हत्ती होता; मागच्या चाकाच्या मडगार्डावर कचेरीचा क्रमांक रंगवलेला, घंटी बिघडलेली, त्यामुळे ते तोंडानंच "बाजू, बाजू" करत जायचे. सुट्टीच्या दिवशी भिंगरी पुढे दांडीवर बसायची. मग एके दिवशी तिनं त्यांना उतरायला सांगितलं आणि दांडीखालून पाय घालून कैची मारायला लागली. हँडल तिच्या कानाच्या उंचीला. पाण्याच्या टाकीकडून जो उतार खाली येतो, तिथं बाबा मागून सीट धरून पळायचे. त्यांनी सीट कधी सोडली, ते तिला कळलंच नाही. ती खाली पोचून मागे वळली तेव्हा बाबा वर टाकीपाशी कमरेवर हात ठेवून धापा टाकत उभे होते आणि आई गॅलरीत कठडा घट्ट धरून. आईला अजून तो कठडा आठवतो. त्याचा रंग तळहाताला लागला होता.

त्याच उतारावर पुढे तिनं गळ्याजवळचं हाड मोडून घेतलं. पण हे कळलं कसं? ती घरी आली, सायकल नीट भिंतीला टेकवली आणि म्हणाली, "बाबा, चहा करू का तुमच्यासाठी?" बाबा पेपर टाकून उठले. "कुठं लागलंय?" त्यांनी विचारलं. तोवर तिनं डाव्या हातानं गॅस पेटवलाही होता, कारण उजवा हात वर जात नव्हता.

मोठी झाल्यावर ती दातांच्या प्रयोगशाळेत लागली. डॉक्टर लोक तोंडाचे साचे पाठवतात, त्यावरून ती कवळ्या बनवते. प्लास्टरच्या जबड्यावर गुलाबी मेणात एकेक दात बसवायचा, चावा जुळतो का बघायचं, मग घासून, चकचकीत करून पाठवायचं. घरी यायची ती भुवयांपर्यंत पांढरी होऊन. तिला बघायला कुणी आलं, तर ती चेहऱ्याआधी दात बघायची. एकदा एका बऱ्या स्थळाला पहिल्या भेटीतच म्हणाली, "तुम्ही झोपेत दात खाता." ते स्थळ परत फिरकलं नाही. आई चिडली, तर म्हणाली, "अगं, खरंच खातो तो. आयुष्यभर मला ऐकावं लागलं असतं."

तिच्या पगारातून बैठकीच्या खोलीत एक नवी सायकल आली. जाड टायरांची, पुढच्या दांड्यात धक्के खाणाऱ्या स्प्रिंगा असलेली. सोफा भिंतीकडे सरकला, टीपॉय माळ्यावर गेला. पडद्याला तेलाचे डाग पडले. पहाट झाली की भिंगरी टाकीच्या चढावर, पाठीवर विटा बांधून. एवढं सगळं कशासाठी, तर त्या वरच्या वाटेसाठी. झाडं संपतात त्याच्याही वरून, डोंगराच्या कडेकडेनं जाणारी, कितीतरी दिवस चालणारी पायवाट. पाणी बाटलीत गोठतं म्हणे तिथं. सुट्ट्या खडीत चाक रुततं, तेव्हा सायकल खांद्यावर घेऊन चढायचं, दोन श्वास एका पावलाला. उतारावर सीट सोडून पेडलवर उभं राहायचं आणि ब्रेक इतके तापतात, की पाण्याचा थेंब टाकला तर चर्र करतो. ती हे सांगायला लागली, की आई कानावर हात ठेवायची, आणि बोटांच्या फटीतून ऐकायची.

पहिल्यांदा गेली तेव्हा खिंडीच्या अलीकडूनच परतावं लागलं. बर्फानं वाट बुजली होती. घरी आल्यावर सायकल सुटी करून भरून आणलेला खोका तिनं उघडलाच नाही, कितीतरी दिवस तो तसाच दारामागे उभा होता. आईनं तेव्हा जरा सुटकेच्या आवाजात म्हटलं, "विकून टाक आता ती सायकल. खोलीतही जागा होईल."

त्या दिवशी जे भांडण झालं, ते शेजाऱ्यांनी खिडक्या लावून घेऊन ऐकलं. तेव्हापासून हे वाक्य म्हणजे घरातली आगकाडी. कधीही ओढा, पेटायचीच. बाबा कंटाळा आला की मुद्दाम ओढायचे. "अगं, सायकल विकणार होतीस ना?" की आतून गर्जना, "बाबा, आधी तुमचा तो रेडिओ विका!"

आणि आता ती पुन्हा गेली होती. निघताना आईनं खोक्याला दोरी बांधायला हात लावला, तर "लावू नको हात, उलटी गाठ मारशील." वाटेतल्या मुक्कामांवरून निरोप यायचे, तेही असेच. "पोचले. हात दुखतायत. फोन करू नको, बॅटरी जाते." किंवा "पडले नाही. विचारू नको." असे निरोप आले की आई निर्धास्त झोपायची.

आणि आज, "तू जेवलीस का?"

"तू उगाच आकाशपाताळ एक करतेस," बाबा म्हणाले. "एवढ्या उंचावर गेलं की माणूस हळवा होतो. डोंगर बघून आईबाप आठवतात."

"एवढ्या उंचावर गेलं की माणूस आजारी पडतो. तिनंच सांगितलंय. डोकं दुखतं, मळमळतं, तोल जातो, आणि औषध एकच, खाली उतरायचं. तिथला गाइड रोज संध्याकाळी प्रत्येकाला विचारतो, डोकं दुखतंय का. उद्या खिंड असताना तुमची लेक काय सांगेल?"

बाबांनी रिमोट खाली ठेवला. "नाही म्हणेल."

"गोड हसून नाही म्हणेल. आणि त्या गाइडला वाटेल, काय सालस बाई आहे."

बाहेर उजेड उतरत होता. टाकीच्या उतारावरून दोन पोरं एकाच सायकलवर किंचाळत खाली गेली. बाबा नेहमीच्या सवयीनं "बाजू, बाजू" असं पुटपुटले.

आईनं निरोप पुन्हा लावला. एक्स्चेंजमधली सगळी वर्षं तिनं आवाजच ऐकले होते. नुसत्या "हॅलो"वरून तिला कळायचं, पलीकडे बारसं आहे की कुणी गेलंय. परक्यांच्या बाबतीत ती क्वचितच चुकली. पण स्वतःच्या पोरीचा आवाज ऐकताना तिच्या कानात स्वतःचीच आशा-भीती मिसळायची. "तुझं बरोबर होतं." हे वाक्य ऐकायला ती किती वर्षं थांबली होती! खरं असेल तर? पोरगी चाळिशीकडे झुकली; दमून, डोंगरात कुठंतरी बसून तिला खरंच आईची आठवण आली असेल, तर? आणि आपण गाइडला फोन करून सांगितलं, हिला खाली न्या, आणि तिला काहीच झालेलं नसलं, तर? खिंड दुसऱ्यांदा हुकेल. तिसऱ्यांदा जायला गुडघे, सुट्टी, बळ, काय काय लागतं. मग ती भांडणारही नाही. बोलणंच सोडेल.

आणि काहीतरी झालेलं असलं, तर? उद्या सकाळी ती त्याहूनही वर चढणार होती. आणि आजारी असली की ती कशी वागते, हे या घराबाहेर कुणालाच माहीत नव्हतं.

आई उठली. फ्रिजवर चिकटवलेल्या चिठ्ठीवर मुक्कामाच्या घरांचे नंबर होते, भिंगरीच्याच अक्षरात, आणि खाली दोन रेघा मारून लिहिलेलं, "अगदीच जीव जात असेल तरच."

"कुणाला लावतेस? गाइडला?"

"नाही. आधी तिला."

"ती मस्त आहे म्हणूनच सांगेल. तूच म्हणालीस."

"मी तिला कशी आहेस म्हणून विचारणारच नाही." आईनं चष्मा चढवला. "मी तिच्याशी भांडणार आहे."

बाबा बघतच राहिले. मग त्यांच्या हळूहळू लक्षात आलं आणि ते खुर्चीतून अर्धे उठले. "सायकल?"

"सायकल. म्हणणार, गिऱ्हाईक आलंय, तू परत आलीस की लगेच द्यायची. बाबांनी विसारही घेतलाय."

"माझं नाव कशाला घालतेस त्यात!"

"तुमचं घातलं तर जास्त चिडेल."

"आणि भडकली तर?"

"तर चार शिव्या खाईन आणि सुखानं झोपेन."

"आणि नाही भडकली तर?"

आई दिव्याकडे वळली. चिठ्ठी दिव्याजवळ नेऊन तिनं मुक्कामाच्या घराचा आकडा नीट वाचला. "बरं आई, विकून टाका, असं म्हणाली," ती शेवटी म्हणाली, "तर तिथल्या तिथं गाइडला फोनवर बोलावीन. आज रात्रीच खाली न्यायला सांगीन. नंतर जन्मभर बोलली नाही तरी चालेल. जिवंत तरी असेल."

बाबांनी रेडिओ बंद केला. तो चालू होता, हेही दोघांच्या ध्यानात नव्हतं.

मुक्कामाच्या घरात लोक अंधार पडताच झोपतात, असं भिंगरीनं सांगितलं होतं. अंधार अजून पुरता पडला नव्हता. आईनं घसा खाकरला, दुपारपासूनच्या काळजीनं ओला झालेला आवाज तिला कोरडा करायचा होता. एक्स्चेंजमध्ये ताठ बसायची तशी ती स्टुलावर ताठ बसली. "हे बघ, त्या सायकलचं मी काय ठरवलंय ते ऐक," तिनं एकदा मनाशी म्हणून बघितलं. जमलं. मग आणखी जरा खाष्टपणे म्हणून बघितलं, आणि आकडे दाबायला सुरुवात केली.