उन्हाचा स्टुडिओ आणि काकूंचं इंजिन

फोटोच्या स्टुडिओत दोन गोष्टी साठत जातात. फुटक्या काचा आणि लोकांचे किस्से. काचा भंगारवाला घेऊन जातो. किस्से कोणी नेत नाही, म्हणून लिहितो. बोलून सांगणं मला तसं जमत नाही.

अकोल्याच्या जुन्या शहरात नानाजींचा स्टुडिओ, म्हणजे त्यांच्या राहत्या घराचीच मागची खोली. छताला काचा. वरून ऊन येणार, त्यात फोटो निघणार. आमच्या गल्लीत वीज नव्हती. सातवीतून शाळा सोडून मी तिथं लागलो, आणि फोटो छापायचं काम हळूहळू माझ्याकडे आलं.

ढग आले की धंदा बसायचा. म्हणून नानाजींनी बंद पडलेल्या एका पिठाच्या गिरणीचं डिझेल इंजिन आणलं, त्याला डायनॅमो जोडला आणि खोलीत चार मोठे बल्ब टांगले. इंजिन भिंतीपलीकडे, परसात. ते चालवायच्या काकू, म्हणजे नानाजींच्या पत्नी. नानाजींनी एकदाच हँडल मारलं होतं. म्हणजे खरं तर हँडलनं त्यांना मारलं होतं.

•

पहिल्याच ढगाळ दिवशी एका कापूस दलालाच्या कुटुंबाचा फोटो काढला. इंजिनानं भिंत हलली, भिंतीनं जमीन, जमिनीनं कॅमेरा. दलाल फोटो हातात धरून बराच वेळ पाहत बसले.

"नानाजी, मले बायको एकच हाय. इथं दोन काहून बसल्या?"

तोडगा काकूंनी काढला. "इंजिन बंद केलं तरी चाक चार श्वास फिरते. धडधड थांबते, उजेड रायते. तेवढ्यात काढा न."

तेव्हापासून कॅमेऱ्याचं झाकण हातात धरून नानाजी "बंद!" असं ओरडत. पलीकडे काकू इंजिन बंद करायची दांडी ओढत. बल्ब पिवळे पडायच्या आत नानाजी झाकण काढून परत लावत, की फोटो निघाला.

•

त्यांची मुलगी कुसुमताई मूर्तिजापूरला दिलेली. माहेरी आली की तिचं एकच म्हणणं.

"साऱ्या गावाच्या माया भिंतीवर लागल्या. माह्याच घरी माय नाही. एक फोटो काढ न वं!"

काकूंचं उत्तर ठरलेलं. ऊन असलं की, "गिऱ्हाइकाचं ऊन माह्या तोंडावर वाया घालू काय?" आणि ढग असले की, "मी खुर्चीत बसली तर इंजिन कोण पाहीन, तुहा बाप?"

कुसुमताई बापाकडे बघे. नानाजी कॅमेरा पुसायला घेत.

•

ऊन असलं की घराच्या सपाट धाब्यावर माझं आणि काकूंचं जागेवरून भांडण. माझ्या छपाईच्या चौकटी आणि त्यांच्या कुरडया, दोन्हींना ऊन लागायचं. चौकटीत फोटोच्या काचेखाली कागद ठेवला की उन्हानं त्यावर फोटो उमटायचा. एकदा कावळ्यानं एक कुरडई उचलली आणि चौकटीवर टाकली. मुलीकडे दाखवायला पाठवायच्या फोटोत नवरदेवाच्या गालावर पांढरी जाळी उमटली. मी दुसरी प्रत काढणार, तेवढ्यात मुलाचे काका आले आणि तीच उचलून निघाले. थांबा म्हणायला माझं तोंड उघडलं नाही.

चौथ्या दिवशी मुलीचे मामा हजर. "पोराले देवी येऊन गेल्या, हे आमाले सांगतलं काहून नाही?"

काकूंनी आतून तळलेली कुरडई आणून त्यांच्या हातावर ठेवली. "ह्या त्या देवी. खा."

लग्न झालं.

•

नांदगाव खंडेश्वरहून एक म्हातारबा आले. मुलाला मास्तरकी लागली होती, घराण्यातली पहिली नोकरी. दोघांचे कपडे पांढरेशुभ्र. खुर्ची एक. बाप म्हणे मास्तरानं बसावं, मुलगा म्हणे बापानं. इंजिन चालूच.

काकू तेलकट हातानं दारात आल्या. "अजी, दोघंबी उभे राहा. डिझेल काय मोर्णा नदीतून भरून आणतो आमी?"

दोघे उभे राहिले. मध्ये रिकामी खुर्ची. म्हातारबांनी खिशातून नेमणुकीचा कागद काढला, उलगडला आणि खुर्चीवर बसवला.

•

नानाजींनी एकदा मलाही कॅमेऱ्यावर उभं केलं. समोर एक पैलवान. मी "बंद" म्हणालो. काकूंना ऐकू गेलं नाही. पुन्हा म्हणालो. तिसऱ्यांदा पैलवानालाच माझी दया आली.

"ओ काकू, बंद करा म्हणून राहिला ना पोट्टा!"

धडधड थांबली, मी झाकण काढलं. फोटोत पैलवानाची पडजीभ दिसते.

•

मग कुसुमताईच्या यजमानांची आसामला बदली झाली. निरोप घ्यायला ती आली ती आषाढात. आभाळ भरलेलं, दुपारची गाडी. आता किती वर्षांनी येणं होईल, सांगता येत नव्हतं. तिनं काकूंना हाताला धरलं.

"आज नाही म्हणू नको, माय."

काकूंनी स्वतःच इंजिन सुरू केलं, हात पुसले, नानाजींना दांडी दाखवली. "हे पोट्टं बंद म्हणीन तवा वढा. मधात हात लावू नका." मग येऊन खुर्चीत ताठ बसल्या. मांडीवर दोन्ही हात. दांडी मला ओढवत नसे, म्हणून कॅमेऱ्यावर मी.

नानाजी भिंतीपलीकडे. कुसुमताई माझ्या तोंडाकडे बघत होती. मी डोळे मिटले आणि ओरडलो.

"बंद!"

माझाच आवाज मला ओळखू आला नाही. धडधड थांबली. मी झाकण काढलं, चार श्वास मोजले, लावलं.

फोटोची काच धुऊन आणली. काकूंचा चेहरा स्वच्छ. डावा हात मांडीवर. उजव्या हाताच्या जागी नुसता धूर.

"तू ओरडला अन् माहा हात आपोआप दांडीकडे गेला," काकू म्हणाल्या. "काढ दुसरा."

"गाडीले टाइम हाय अजून," नानाजी म्हणाले.

कुसुमताई ती ओली काच उजेडाकडे धरून उभी होती. "नको. हाच छापून पाठवा."

"वेडी झाली काय वं? लोक काय म्हणतीन? माहा हात कुठी हाय त्याच्यात?"

"इंजिनावर हाय, माय."