व्हायकिंगांचं जनावर

परवा सक्करदऱ्यात एका सुताराच्या दुकानासमोर सागवानाच्या भुशाचा वास आला आणि मी सरळ पन्नास वर्षं मागे, आमच्या चित्रकलेच्या वर्गात जाऊन उभा राहिलो.

शालिनी वर्गात माझ्या शेजारी बसायची. तिच्या वडिलांची बदली बिलासपूरला झाली होती. महिन्याभरात ती जाणार होती. मनातलं तोंडाने सांगायची आपली छाती नाही, म्हणून मी त्याच वर्गात बसून तिच्यासाठी सागवानाची डबी कोरली. झाकणावर ग्रंथालयातल्या पुस्तकातून उचललेलं व्हायकिंग लोकांच्या नक्षीतलं जनावर होतं. त्याची मान, पाय, शेपूट सगळं वेणीसारखं एकमेकांत गुंतलेलं.

डबी दाखवली तेव्हा तिच्या जाण्याला आठ दिवस उरले होते. शालिनीने जनावराच्या अंगावर बोट ठेवलं आणि वळणावळणाने डोकं शोधत निघाली. मी इतका जवळ उभा होतो की तिच्या केसांतल्या तेलाचा वास येत होता. बोट फिरतच राहिलं.

"काय गा, याले डोकं आहे का नाही? मी कवाची फिरून राहिली!"

मी वाकून पाहिलं. एका वळणावर भलत्याच दोन पट्ट्या जोडल्या गेल्या होत्या, आणि जनावराच्या अंगाचं गोल कडं झालं होतं.

"दे इकडे, दुरुस्त करून देतो."

"राहू दे ना. मले अशीच पाहिजे."

"चुकीचं काम कसं देऊ वं तुले?" म्हणत मी डबी तिच्या हातातून काढून घेतली. मोठा कारागीर लागून गेलो होतो ना!

तेवढा तुकडा काढून नवा बसवायला मला दहा दिवस लागले. बिलासपूरची गाडी काही माझ्यासाठी थांबली नाही.

डबी अजून माझ्याकडेच आहे. काम अगदी बिनचूक झालंय. अंगावर बोट ठेवलं की चार वळणांत डोक्याशी पोहोचतं.