वादात मी एपिक्युरियन होतो

बी.ए.ला मी तत्त्वज्ञान घेतलं, कारण वर्गात पोरं कमी. मास्तर पास करतीलच, अशी समजूत. ती चुकीची निघाली, पण एक मित्र मिळाला. सत्तरच्या दशकातलं नागपूर. कॉलेज सुटलं की आम्ही दोघं महाराजबागेत संत्री सोलत ग्रीकांची भांडणं भांडायचो.

वादविवाद स्पर्धेच्या चिठ्ठ्यांत मला एपिक्युरियन हा ग्रीक पंथ आला, त्याला त्यांचे हाडवैरी स्टोइक. माझी मंडळी म्हणायची, सुख म्हणजे चैन नव्हे, दुःख आणि भीती नसणं. मरणाला भ्यायचं कारण नाही; ते येतं तेव्हा आपण नसतोच. आणि मैत्रीहून मोठी ठेव नाही. स्टोइक म्हणायचे, कर्तव्य आधी. तुमची मैत्री म्हणजे तुमची सोय.

तयारी करताना मी त्याला एक गोष्ट सांगून बसलो. आदल्या वर्षी वडील गेले, तेव्हा घाटावर मला चितेची अशी भीती वाटली की मी भिंतीआड जाऊन बसलो. अग्नी काकांनी दिला. घरी आईला मात्र काकांनी सांगितलं, पोरानंच दिला.

"कोणाले सांगू नको गा."

"पागल आहे काय बे?" तो म्हणाला.

स्पर्धेत मरणावर मी असा काही बोललो की माझा मलाच धीर आला. मग तो उठला. "माझे मित्र मरणाला भीत नाहीत," अगदी शांतपणे म्हणाला, "फक्त बापाच्या चितेला भितात. कर्तव्य काकांवर टाकून ते त्या दिवशी भिंतीमागे बसले होते." सभागृह हसलं. ढाल त्याला मिळाली.

बाहेर आल्यावर म्हणाला, "राग आला काय बे? वादात चालते एवढं."

मी जन्मात पहिल्यांदा स्टोइकासारखा कोरा चेहरा करून "नाही" म्हणालो. चेहरा जमला, सायकलचं कुलूप मात्र काही केल्या उघडेना.

शेजारची मुलगी आमच्याच कॉलेजात होती. मी घरी पोचायच्या आत आईला सगळं कळलं होतं. ती चुलीपाशी बसली होती. वर न बघता म्हणाली, "तुले भेव वाटलं त्याचं काही नाही बाबू. मलेही वाटलं असतं. पण त्या पोराले सांगितलं, न् मले वर्षभर खोटंच..."

मग तिनं चुलीतलं लाकूड आत सारलं.

मित्रानं कसा दगा दिला, हे मी घरातल्या पोरांना आजवर रंगवून सांगत आलो. गोष्ट आईच्या चुलीपाशी पोचली, की मात्र मला हटकून चहाची आठवण होते, आणि पुढचं सांगायचं राहून जातं.