काकूंचं निर्माल्य आणि माझी बरणी

तमिळ मुलखातल्या तांबरममध्ये एकट्या पुरुषाला घर मिळता मिळत नाही. मला ते पाच मिनिटांत मिळालं, कारण मी मराठी बोललो. घरमालकीणबाई तंजावरच्या जुन्या मराठी घराण्यातल्या, सत्तरी ओलांडलेल्या, एकट्याच राहणाऱ्या. सगळी गल्ली त्यांना मामी म्हणायची. मी मात्र काकू म्हणायचं, असा हुकूम होता. अटी दोनच. "मांस नक्को. दारू नक्को. बाकी तुझं घर समज." त्यांचं मराठी ऐकलं की एखादी जुनी बखर तमिळ हेलात वाचतंय कुणीतरी, असं वाटायचं. मी मान डोलावली, आणि त्या दिवशी तरी ती प्रामाणिकपणे डोलावली होती.

घोटाळा मधाने केला. साताऱ्याच्या मामाने पाच किलो मध पाठवला. एवढ्या मधाचं एकटा माणूस काय करणार? मी इंटरनेटवर शोधलं आणि कळलं की मध, पाणी आणि यीस्ट बरणीत घालून ठेवलं की झकास काहीतरी तयार होतं. त्याला दारू म्हणायला जीभ रेटेना, म्हणून मी मधासव म्हणू लागलो. द्राक्षासव औषधाच्या दुकानात मिळतं, मग मधासवाने काय घोडं मारलंय? कायदा काय म्हणतो, ते मात्र मी मुद्दामच शोधलं नाही.

पहिली बरणी खोकल्याच्या औषधासारखी लागली. दुसऱ्या खेपेला मी ईर्षेला पेटलो. बाजारातून अत्तरासारख्या वासाचे पन्नीर गुलाब आणले, कुंपणावरची निळी गोकर्ण खुडली, गवती चहाची पात गाठ मारून सोडली, वर तुळशीची पानं. रंग असा सुरेख उतरला की मी दिवसातून चारदा बघायला जायचो. पण माझी खोली गच्चीवर, आणि मे महिन्यात ती तव्यासारखी तापायची. घरातली गार जागा एकच, खाली जिन्याखाली, काकूंच्या दाराला लागून. छाती करून मी बरणी तिथे नेऊन ठेवली आणि तोंडाला फडकं बांधलं.

तिसऱ्या दिवशी हाक आली. काकू बरणीपुढे उभ्या होत्या. फडकं सोडलेलं.

"फुलं पाण्यात सोडलास की रे! बहु बरं केलास."

त्यांना वाटलं, मी निर्माल्य साठवतोय. देवाला वाहून उतरलेली फुलं पायदळी येऊ नयेत, पाण्यात सोडावीत आणि ते पाणी झाडाला घालावं, हा त्यांच्या घरचा नेम. अंगणातली विहीर बुजवल्यापासून त्यांची पंचाईत झाली होती. गुडघ्यांमुळे देवळाच्या तळ्यापर्यंत जाववत नव्हतं आणि फुलांच्या पिशव्या कपाटात साठत होत्या. आता घरातच सोय झाली म्हणून त्यांनी आदल्या दिवसाची शेवंती, दुर्वा, बेल, सगळं हळदीकुंकवासकट माझ्या मधासवात सोडलं होतं.

खरं सांगावं तर संध्याकाळी सामान रस्त्यावर. मी म्हणालो, "हो काकू, सवय आहे घरची."

मग रोज सकाळी फुलं पडू लागली. शुक्रवारी काकूंच्या मैत्रिणीही आपापलं निर्माल्य घेऊन आल्या. बरणीत बुडबुडे दिसले तर एकीने हात जोडले. गल्लीत माझं नाव झालं: हल्लीच्या मुलांत असा मुलगा विरळा! एकीने तर भाचीची पत्रिका पाठवली. मी ऑफिसला शोळिंगनल्लूरला जाताना बायका कौतुकाने बघायच्या आणि मला कानकोंडं व्हायचं. चोराच्या मनात चांदणं, दुसरं काय.

पौर्णिमेला काकू म्हणाल्या, "भरली बरणी. चल, नारळाच्या मुळाशी घालू."

मी सुटलो असंच वाटलं. बरणी अंगणात नेली. काकू वाकल्या आणि थबकल्या. "वास कसला रे हा?"

"फुलं मुरलीत, काकू."

"असेल." त्यांना पटलं. माझ्यावर विश्वासच तेवढा होता. मग त्यांनी पळी बुडवली, उजव्या तळव्यावर पाणी घेतलं, डोळ्यांना लावलं आणि तीर्थ म्हणून तो हात ओठांकडे नेला.

"काकू, नका! दारू आहे ती."

हात तसाच राहिला. बोटांतून सगळं गळून गेलं. त्यांनी हात धुतला आणि आत जाऊन कडी लावून घेतली. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. बरणी मी एकट्यानेच नारळाला ओतली. गुलाबाचा वास नुसता दरवळत होता, पण घोटभरही चाखवेना. देवाची फुलं होती त्यात. मग वर जाऊन बॅग भरायला घेतली.

सकाळी दार वाजलं. गुडघे धरत काकू गच्चीवर आल्या होत्या, हातात फुलांचं तबक.

"बॅग कशाला? तळ्यावर कोण जाईल मग? मी?"

"काकू, मी तुम्हांला फसवलं."

"होय. फसवलास." त्या दम घेत थांबल्या. "पण पिऊ दिला नाहीस. घर जाईल ठाऊक असून बोललास." तबक माझ्या हातात आलं. "रोज नेऊन सोडायचं. आणि ते तुझं काय ते माझ्या घरात नक्को."

मला रडू आलं, आणि ते त्यांनी न पाहिल्यासारखं केलं.

रोज ऑफिसच्या आधी मी तळ्यावर जातो. बरणीत आता लिंबाचं लोणचं आहे. उरलेला मध काकू पंचामृतात घालतात. मी हात पुढे करतो, आणि पळी माझ्या तळव्यावर ओतण्याआधी काकू ती नाकाशी नेऊन हुंगून बघतात.