नडगीवरचा अंगठा

हणमंता गेल्याचं मला मोबाइलवर कळलं. गावाच्या ग्रुपवर त्याचा वर्दीतला फोटो आला आणि खाली जोडलेल्या हातांची रांग लागली. कराडच्या दवाखान्यात सकाळी हृदय बंद पडलं, एवढीच माहिती. दुपारपर्यंत वडूजहून छापून आणलेला फलक चौकात लागलासुद्धा. 'शूर सुपुत्र' असं लिहून मागे रणगाडा दाखवला होता. हणमंता उभ्या जन्मात रणगाड्यात बसला नव्हता. तो सैन्याच्या वैद्यकीय शाखेत होता. फलकावर ज्यांनी आपापली नावं टाकली, त्यांतल्या निम्म्यांनी त्याच्याशी बोलणं टाकलं होतं. मीही त्यांच्यातलाच... खरं सांगायचं तर सगळ्यात पुढे मीच होतो. म्हणून दीड महिन्यानं हे लिहायला बसलो आहे.

आम्ही एका वर्गात. त्याची आई लवकर गेली, तेव्हा दोन वर्षं तो आमच्याच घरी जेवत होता. पुढे तो सैन्यात गेला आणि मी मास्तर झालो. नोकरीच्या अखेरच्या वर्षांत तो सुभेदार म्हणून एका प्रशिक्षण केंद्रात होता. नव्यानं भरती झालेल्या पोरांना दुखापती होऊ नयेत आणि त्यांचं मन खचू नये, हे बघायचं काम त्याच्याकडे होतं. आमच्याकडची पोरं भरतीसाठी सोळाव्या वर्षापासून डांबरी रस्त्यावर पळतात. निवड होईपर्यंत नडगीच्या हाडाला बारीक तडे गेलेले असतात, आणि पोरं ते लपवतात. दुखतंय म्हटलं की सहा आठवडे विश्रांती आणि एक बॅच मागे. हणमंता पोराच्या नडगीवर अंगठा दाबायचा आणि बघायचा मात्र तोंडाकडे. "इचारून कोण व्हय म्हणंल, मास्तर? तोंडावर कळतंय," असं तो सुट्टीवर आला की सांगायचा. मनाचंही तसंच. 'कसा आहेस' असं विचारणं त्यानं सोडूनच दिलं होतं, कारण 'बरा हाय' हे सगळ्यांना पाठ असतं. तो विचारायचा, "घरी शेवटचं खरं कवा बोललास?" त्यावर चांगली दांडगी पोरं हमसून रडायची म्हणे. गावाला याचं कसलं कौतुक! गावानं त्याला 'पोरं मागं पाडणारा' असं नाव ठेवलं. सैनिकांचं गाव अशी मोठी कमान बांधली आहे आम्ही वेशीवर. तिच्याखालून मिरवत यायचं, लंगडत नाही.

माझा अजित भरती झाला आणि योगायोगानं त्याच केंद्रात गेला. तीन-साडेतीन महिन्यांनी हणमंताचा फोन आला. "मास्तर, पोराच्या नडगीत दुखतंय. दुखापतीच्या यादीत नाव घालतो. डॉक्टरसाहेब थांबवतील सहा आठवडं."

शपथेच्या परेडची तारीख मी शाळेत, सोसायटीत, पाहुण्यांत सगळीकडे सांगून बसलो होतो. जीप ठरली होती, हलगीवाले ठरले होते. मी म्हणालो, "एवढी एक बॅच जाऊ दे."

"न्हाई गड्या, हाड हाय ते."

मग मी जे बोललो ते आजही मला झोपू देत नाही. "हणमंता, दोन वर्षं माझ्या आईच्या हातची भाकरी खाल्लीस. तिच्या नातवासाठी एवढंही होत नाही तुझ्याकडनं?"

तो "बघतो" म्हणाला आणि फोन ठेवला. अजितचं नाव यादीत गेलं नाही.

तेराव्या दिवशी पाठीवर वजन घेऊन पळताना अजितचं हाड मोडलं. पायात सळई बसली आणि वर्षभरानं पोरगा कायमचा घरी आला. मी काय करावं? चौकातल्या हॉटेलात दहा माणसांसमोर म्हणालो, "आपल्याच गावचा माणूस तिथं, आणि त्याला पोराचा पाय दिसला नाही?" हणमंता सुट्टीवर आलेला, बाहेरच्या बाकावर बसलेला होता. त्यानं ऐकलं. एका वाक्यात तो मला उघडा पाडू शकला असता. त्यानं हातातला कप खाली ठेवला आणि निघून गेला. चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात, त्या अशा असतात. गावाला तर निमित्तच हवं होतं. ज्यांना त्यानं थांबवलं त्यांचा राग होताच, आणि ज्या एकाला थांबवलं नाही त्याचा ठपकाही त्याच्यावरच आला.

निवृत्त झाल्यावर तो दर रविवारी आमच्याकडे यायला लागला. माझ्याकडे नव्हे, अजितकडे. तो ओसरीत आला की मी परसदारानं बाहेर पडायचो. अजित तेव्हा दोन-दोन दिवस बोलत नसे. एका रविवारी माझा पाय दाराशीच अडखळला, कारण हणमंता विचारत होता, "अजित, मरावंसं वाटतंय का रं?" माझ्या अंगाची आग झाली. असं कुणी पोराला विचारतं? आत घुसणार, एवढ्यात अजित म्हणाला, "व्हय काका. रोज." आमच्या घरात कित्येक महिन्यांत कुणी बोललेलं ते पहिलं खरं वाक्य असावं. त्यानंतर हणमंता त्याला दर पंधरवड्याला एसटीनं सांगलीला मनाच्या डॉक्टरांकडे न्यायचा. पायाचा व्यायाम आहे, असं मी शेजारी सांगत होतो.

अजित आता पलूसला द्राक्षांच्या शीतगृहात नोकरी करतो, सावरला आहे. हणमंताच्या तेराव्याला आला होता. रात्रीची बस चुकली म्हणून राहिला. सकाळी चहा घेताना मी सगळं सांगून टाकलं. फोन, यादी, भाकरी.

"ठावं हाय, आबा," तो म्हणाला. "काका फोनवर बोलत हुते तवा मी तिथंच स्टुलावर पाय ठिवून बसलो हुतो. तुमचा आवाज मोठा... सगळं ऐकाय येत हुतं."

"मग इतकी वर्षं बोलला का नाहीस?"

"काकांनी अडवलं. म्हणायचे, चूक माझी. अंगठा खरं सांगत हुता, मी भाकरीचं ऐकलं. तुझा बा सोताहून सांगंल, तवर तू इचारू नगंस." मग म्हणाला, "दर रविवारी जाताना मला इचारायचे, मास्तर बोलला का?"

आमच्या ओसरीत हणमंता भिंतीला डोकं टेकून बसायचा. तिथं चुन्यावर खोबरेल तेलाचा तळहाताएवढा डाग पडला आहे. दिवाळीच्या आधी रंगारी आला तेव्हा मी त्याला तेवढी भिंत सोडायला सांगितली. रविवारी मी ओसरीत बसतो, परसदारानं जात नाही. पण समोरच्या भिंतीला बसतो. त्या डागाखाली बसायची माझी छाती होत नाही.