मुलुंडच्या आजोबांचं बटण

तीन वर्षांपूर्वी एका मंगळवारी मी आमच्या पेपरच्या आरोग्य पुरवणीत एक खोटं वाक्य छापलं. हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही — बायकोलाही नाही.

लेख पार्किन्सन्सच्या रुग्णांसाठी हाताच्या व्यायामांवर होता. व्यायाम खरे होते. मूठ घट्ट मिटायची, मग बोटं पूर्ण पसरायची. अंगठा एकेका बोटाच्या टोकाला लावायचा. कणकेचा गोळा दाबायचा. फिजिओथेरपिस्टने ते माझ्यासमोर बाबांकडून करून घेतले होते. ती म्हणाली होती, रोज केलं तर आखडलेपणा थोडा कमी होईल. बटणं लागतीलच असं मात्र कुणी सांगू नये. तेही माझ्या वहीत आहे.

मग मी काय लिहिलं? ‘मुलुंडचे ७४ वर्षांचे एक आजोबा तीन महिन्यांच्या सरावानंतर शर्टाची सगळी बटणं स्वतः लावतात.’ कारण विचाराल तर — लेखाला चांगला शेवट हवा होता. दुसरं कारण नाही.

ते आजोबा म्हणजे माझे बाबा. त्यांनी व्यायाम अकरा दिवस केले. बाराव्या दिवसापासून मी त्यांच्यासोबत बसणं सोडलं. शिफ्ट बदलली होती, पण सकाळची वीस मिनिटं माझ्याकडे होती. ती मी मोबाइलवर घालवायचो. आणि बटणं? बाबा पहिल्याच बटणाशी झटत राहायचे. मी त्यांचा हात बाजूला करून सगळी लावून टाकायचो.

बाबांनी लेख वाचला. दुसऱ्या दिवशी मी त्यांच्या कॉलरशी वाकलो होतो, तेव्हा त्यांच्या मालवणीत म्हणाले, “हो मुलुंडचो म्हातारो कोण रे? माका पण एकदा दाखव.”

मी हसलो. ते हसले नाहीत.

एवढंच असतं तर कदाचित घरातच राहिलं असतं. पण चार महिन्यांनी ऑफिसात मालाडहून एका बाईंचा फोन आला.

“आमच्या ह्यांना पार्किन्सन्स आहे. तुमचा लेख कापून भिंतीला लावलाय. रोज करून घेते, पण एक बटण लागत नाही. मी रागावते हो त्यांना — मुलुंडच्या आजोबांना जमतं, तुम्हीच अंग चोरता. काल रडले. त्या आजोबांना विचारून सांगाल का, त्यांना कितव्या महिन्यात जमलं?”

असे कुणी आजोबा नाहीत — एवढं म्हटलं असतं तर त्या माणसामागचा रोजचा ओरडा तिथेच थांबला असता. मला हे त्या क्षणी कळत नव्हतं का? स्वच्छ कळत होतं.

मी म्हणालो, “तिसऱ्या महिन्यात. सोडू नका, चालू ठेवा.”

पुढच्या महिन्यात त्यांचा पुन्हा फोन आला. मी शेजारच्या सहकाऱ्याला खूण केली. त्याने सांगितलं, ते सुट्टीवर आहेत. मी त्याच्या शेजारीच बसलो होतो. त्यानंतर त्यांचा फोन आलेला नाही. दुरुस्ती छापलेली नाही.