भंडारा लाल झाला

तुमचा काका, माझा लेक, वारल्यावर मी देवाशी बोलणे सोडले होते. इंग्रजी शाळेत शिकलेले माझे मन प्रत्येक गोष्टीचे कारण मागत असे, आणि त्याच्या जाण्याला कारण सापडत नव्हते. अशातच तुमच्या काकूने रसायनशास्त्राची शिक्षिका व्हायचे ठरवून बी.एड.ला नाव घातले. शेवटचा पाठ, आम्ल आणि अल्कली ओळखण्याचा, इस्लामपूरच्या एका शाळेत, बाहेरच्या परीक्षकांसमोर घ्यायचा होता. तो बिघडला तर वर्ष वाया जाणार होते, आणि पुन्हा उभे राहण्याचे बळ तिच्यात उरले नव्हते.

मलकापूरहून आम्ही दोघी सकाळच्या एसटीने निघालो. उसावर दाट धुके होते. गाडी ढगातून तरंगत चालल्यासारखी वाटत होती. सामान पुन्हा बघावे म्हणून काकूने डबा उघडला आणि तिचे डोळे भरून आले. आम्ल दाखवायला चिरून घेतलेले लिंबू तिने लिटमसच्या पट्ट्यांबरोबरच ठेवले होते. रस पाझरून निळ्या पट्ट्यासुद्धा लाल झाल्या होत्या; वर्गात रंग बदलून दाखवायला काही उरले नव्हते.

पलीकडच्या बाकावर माझ्याच वयाची एक बाई होती. "का रडती गं पोरी?"

"माझी परीक्षा आहे, मावशी. सामान नासलं."

"एवढं शिकून रडती व्हय? आमी न शिकता बी रडत न्हाई!" सगळे हसले, काकूसुद्धा. बाईने तिच्या कपाळाला भंडारा लावला आणि उरलेली पुडी हातात दिली. "पालच्या खंडोबाचा हाय. घरच्या हळदीचा." पुढच्या फाट्यावर ती उतरली आणि धुक्यात मिसळून गेली.

काकू पुडीकडे बघत राहिली. हळद चुन्याच्या निवळीत लाल होते, लिंबाने पुन्हा पिवळी. निवळी तिच्याजवळ होतीच. पण हात पुढे होईना. "आई, देवाचा भंडारा असा परीक्षानळीत घालायचा? चालेल?"

मी म्हणाले, "त्यानंच दिलाय. घाल, बाई."

मी वर्गाबाहेर व्हरांड्यात बसले. हळद खरी असेल का, एवढीच शंका होती. मग खिडकीतून नळीतला पिवळा रंग लालभडक होताना दिसला, आणि पुडीतला भंडारा ओळखून मागच्या बाकांवरून आरोळी उठली, "येळकोट!" परीक्षकही हसू लागले. मला वाटले, ती गोंधळेल. पण तिचा आवाज आला, स्वच्छ, जरा खट्याळ: "देव पावला. आता सांगा, रंग का बदलला?" काका असताना ती अशी बोलायची. मी भिंतीला डोके टेकले. किती तरी दिवसांनी आतून 'देवा' असा शब्द आला.

काकू आता शिकवते. ती बाई कोण, तिने नेमके तेच का दिले, हे मी शोधत बसत नाही. मिळाले, यानेच मन भरून येते. बाळांनो, तुम्ही दूर राहता, तिकडे तयारी सगळी नीट करा. तरीही कधी हात रिकामे झाले, तर मुठी आवळू नका; उघड्या हातावरच कोणी पुडी ठेवते.